कोणत्या कागदास प्रमाण मानावे?

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहून द्यावे, अशी चिटणीसांची आज्ञा प्रतिवर्षाप्रमाणे यंदाही आली. आम्ही कायदेपंडित नव्हे, इतिहाससंशोधकही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले, खेड्यापाड्यांतील शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात आयुष्य वेचलेले असे आम्ही एक निवृत्त शिक्षक आहोत. तथापि यंदाचा विषय आम्ही निवडला नसून एका प्रसंगाने तो आमच्या पुढ्यात आणून ठेविला आहे. त्या प्रसंगात आमचा स्वतःचा दोष असल्यामुळे तो आरंभीच सांगून टाकणे आम्हास उचित वाटते.

काही वर्षांपूर्वी याच स्मरणिकेत आपल्या ज्ञातीच्या उत्पत्तीविषयी आम्ही एक लेख लिहिला होता. त्यात एका ऋषीपासून आपला वंश जोडला होता, आणि वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या कथांना इतिहासाचे नाव दिले होते. वाचकांनी लेखाचे कौतुक केले व आम्हीही सुखावलो. पुढे देगलूर तालुक्यातील आपल्याच समाजाच्या एका होतकरू मुलाने जातपडताळणीच्या अर्जास त्या लेखाची छायाप्रत जोडली. सोबत त्याच्या वडिलांच्या शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदवहीचा १९८६ सालचा उताराही होता. ती नोंद आमच्याच हातची होती. त्या काळी मंडळाने ठराव करून जुने, व्यवसायावरून पडलेले जातिनाम टाकावे व नवे भारदस्त नाव धारण करावे असे ठरविले होते. पालकाने तोंडी जुने नाव सांगितले असता आम्ही तरुणपणाच्या उत्साहात नोंदवहीत नवे नाव लिहिले. चौकशीस आलेल्या अधिकाऱ्याने सौम्यपणे विचारले, "गुरुजी, हे नाव तर सूचीत कोठेच नाही. ते तुम्ही कोठून आणले?" आम्हापाशी उत्तर नव्हते. वैधता प्रमाणपत्र मुदतीत मिळाले नाही, मुलाचा मिळालेला प्रवेश गेला आणि त्याचे एक वर्ष वाया गेले.

तेव्हापासून आम्ही एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करीत आहोत. न्यायाच्या दारी कोणता आधार किती वजनाचा मानला जातो, आणि का? जे हाती लागले ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवितो.

ग्रंथ श्रेष्ठ की रूढी?

हा प्रश्न नवा नाही आणि तो आपल्या भूमीस परका तर मुळीच नाही. हिंदू धर्मशास्त्रातील व्यवहारभागाचा सर्वांत मान्यता पावलेला ग्रंथ म्हणजे विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा'. ती चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या राज्यात, कल्याणी येथे रचली गेली. ही कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, देगलूरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे. त्याच चालुक्यांच्या काळची मंदिरे व शिलालेख आपल्या तालुक्यात होट्टल येथे आजही उभे आहेत. दुसरा मान्य ग्रंथ 'व्यवहारमयूख' हा सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टाचा. हे भट्ट घराणे काशीस स्थायिक झाले होते, तरी त्याचे मूळ आपल्या मराठवाड्यातील पैठणचे.

दोन्ही ग्रंथ थोर. पण जेथे त्यांच्यात मतभेद असेल तेथे काय करावे? मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकात याचा निवाडा प्रदेशपरत्वे केला. महाराष्ट्रात मिताक्षरेस अग्रमान दिला; गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मयूखास. एकच ग्रंथ एका प्रांतात प्रथम व दुसऱ्या प्रांतात द्वितीय ठरतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ग्रंथाचे प्रामाण्य त्याच्या पानांतच नसते. तो कोठे व कोणत्या लोकांनी मानला, यावरही ते अवलंबून असते.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना आर्थर स्टील या अधिकाऱ्याकरवी दख्खनमधील शास्त्र व जातींच्या चालीरीती यांचा संग्रह करण्यात आला. तो १८२७ साली प्रसिद्ध झाला. स्टीलने शास्त्रीपंडितांना विचारले, तसेच निरनिराळ्या जातींच्या प्रमुखांनाही विचारले. वारसा, दत्तक, काडीमोड, पाट या बाबतीत तुमच्यात काय चालते, हा त्याचा प्रश्न होता. त्याच वर्षीच्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमाने मुंबई इलाख्यात क्रम ठरवून दिला. आधी सरकारी कायदा. तो नसेल तेथे देशाची रूढी. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेक. पुढे १८६८ साली प्रिव्ही कौन्सिलने रामनाडच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले की, रूढी स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती लिखित वचनापेक्षा भारी ठरते.

येथे 'स्पष्टपणे सिद्ध झाली तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. 'आमच्यात पूर्वापार असेच चालते' असे पंचांनी ठासून सांगणे म्हणजे रूढीची सिद्धता नव्हे. रूढी प्राचीन, अखंड, निश्चित व लोकनीतीस अविरोधी असावी लागते. १९५५-५६ च्या हिंदू कायद्यांनी रूढीचे क्षेत्र पुष्कळ आखडून घेतले. १९५६ च्या वारसा कायद्याने ज्या बाबींची तरतूद केली आहे त्यांत जुने वचन व जुनी रूढी दोन्ही निष्प्रभ झाल्या. विवाह कायद्याने मात्र रूढीने मान्य असलेल्या काडीमोडीस अद्याप जागा ठेविली आहे. यावरून दिसेल की, स्टीलचा ग्रंथ आज इतिहास म्हणून अमोल आहे, पण वारशाच्या दाव्यात तो पुढे केला तर त्याचा उपयोग नाही.

निजामी राजवटीचे कागद

इंग्रजी मुलखातील हा क्रम झाला. आपला देगलूर तालुका १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथील सरकारी दप्तर पूर्वी फार्सीत व नंतर उर्दूत, गावकामगारांचे पुष्कळ कागद मोडीत, आणि लोकांच्या तोंडी मराठी, तेलुगू व कानडी. एकाच घराण्याचे नाव चार भाषांतून फिरता फिरता चार रूपे धारण करते. शिवाय सन फसली. फसली सनात ५९० मिळविले की स्थूलमानाने इसवी सन येतो. पण हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी आजूर महिन्याने सुरू होत असे. म्हणून १३४९ फसली म्हणजे १९३९ की १९४०, हे महिना पाहिल्यावाचून सांगता येत नाही. जन्मतारखेच्या दाव्यात एवढ्या फरकानेही निकाल फिरतो.

आणखी एक गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. आज ती तेलंगणाच्या कामारेड्डी जिल्ह्यात आहेत. ज्यांची जुनी गावे त्या भागात होती त्यांनी आपला कागद देगलूर वा नांदेड येथेच शोधून 'मिळत नाही' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कागद कोणत्या कचेरीत असावयास हवा, हे जाणणे हा शोधाचा पहिला धडा आहे. योग्य ताब्यातून निघालेला कागद आणि कोठून आला हे न सांगता येणारा कागद यांत न्यायालय भेद करते.

या संबंधी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. तीस वर्षांचा जुना कागद आपोआप खरा ठरतो, अशी समजूत आपल्याकडे आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात व १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात जुन्या कागदास सवलत आहे खरी. पण योग्य ताब्यातून आलेल्या अशा कागदावरील हस्ताक्षर व सही त्याच माणसाची आहे, एवढेच न्यायालय गृहीत धरू शकते. त्यात लिहिलेला मजकूर खरा आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. खोटे लिहिलेला कागद शंभर वर्षे जुना झाला तरी तो जुना खोटा कागदच राहतो.

गॅझेट आणि गॅझेटियर

अलीकडे मराठवाड्यात घरोघरी 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. २ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींच्या संदर्भात मराठा समाजातील अर्जदारांच्या चौकशीसाठी गावपातळीवर समित्या नेमणारा शासन निर्णय काढला, व त्यास न्यायालयात आव्हानही देण्यात आले. त्या वादात शिरण्याचे आम्हास प्रयोजन नाही. शब्दांचा घोळ मात्र निस्तरणे अगत्याचे आहे.

गॅझेट म्हणजे राजपत्र. शासनाची अधिसूचना त्यात प्रसिद्ध होते व तिला कायद्याचे बळ असू शकते. गॅझेटियर म्हणजे एखाद्या प्रदेशाची भूगोल, इतिहास, पिके, व्यापार, लोकसंख्या यांसह केलेली माहितीची पोथी. १९०९ साली कलकत्त्यास छापलेला हैदराबाद संस्थानाचा इंपीरियल गॅझेटियर हा या दुसऱ्या प्रकारचा ग्रंथ आहे. त्यात अमुक जातीचे लोक इतके, असे आकडे सापडतात; कोणाच्या पणजोबाचे नाव सापडत नाही. सार्वजनिक इतिहासाच्या प्रश्नात न्यायालयाने अशा ग्रंथाचे साहाय्य घ्यावे, पण त्यास एकट्यास निर्णायक पुरावा मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. समाज त्या प्रदेशात होता, एवढे गॅझेटियरवरून दिसेल. अमुक मनुष्य त्या समाजाचा आहे, हे दाखविण्यास त्याच्या घरचाच कागद लागेल.

विद्वानांच्या ग्रंथांविषयीही असेच म्हणावे लागते. गोवारी समाजाचे उदाहरण हृदयद्रावक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर येथे आपल्या मागणीसाठी आलेल्या या समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचे प्राण गेले. अनुसूचित जमातींच्या सूचीत 'गोंड गोवारी' असे नाव होते. गोंड गोवारी ही निराळी जमात १९११ पूर्वीच नामशेष झाली असून सूचीतील नाव गोवारींनाच उद्देशून आहे, असे नागपूर खंडपीठाने २०१८ साली ठरविले. समाजाने दिवाळी साजरी करावी असाच तो निकाल होता. परंतु १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. राष्ट्रपतींच्या आदेशातील सूची जशी आहे तशीच वाचावयाची, इतिहासाच्या आधारे न्यायालयास तीत फेरफार करता येत नाही, ही त्यामागील भूमिका. त्या ११४ जणांच्या घरांत तो निकाल कसा वाचला गेला असेल, याची कल्पना करवत नाही. पण कोणता आधार कोणत्या आधारापुढे टिकत नाही, हे याहून कठोरपणे दुसऱ्या कोणत्या उदाहरणाने शिकविले असेल?

आधारांची उतरंड

कुंभाराच्या उतरंडीत खालचे मडके हलले की वरची सारी ढासळतात. आधारांचेही तसेच आहे. तळाशी राज्यघटना व तिच्या अधिकाराने निघालेले राष्ट्रपतींचे आदेश, त्यांवर संसद व विधिमंडळ यांचे कायदे, त्यांवर नियम व अधिसूचना, त्यांवर शासन निर्णय, त्यांवर परिपत्रके, आणि अगदी वर एखाद्या कचेरीचे खुलासेवजा पत्र. आपल्या लोकांचा विश्वास मात्र उलट्या क्रमाने असतो. साहेबांच्या सहीचे पत्र हाती आले की घटनेचाच हवाला मिळाल्यासारखे वाटते. हलबा-कोष्टी प्रकरणी २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा भ्रम घालविला. जमातींच्या सूचीत बदल करण्याचा अधिकार संसदेचा आहे. शासनाची परिपत्रके, समित्यांचे अहवाल वा न्यायालयापुढील साक्षी यांनी सूचीत नसलेले नाव तीत घालता येत नाही, असा त्याचा आशय होता.

नावातील एका अक्षराचा फरकही किती मोठा, हे आपल्या भागास नव्याने सांगावयास नको. 'मन्नेरवारलू' हे नाव कोलामांसमवेत अनुसूचित जमातींच्या सूचीत आहे. 'मुन्नूरवार' हे विशेष मागास प्रवर्गात. उच्चारात जवळ, कायद्यात दूर. उर्दू वा मोडी अक्षर घाईने वाचणाऱ्याच्या हाती येथे एका कुटुंबाचे भवितव्य असते.

न्यायनिर्णयांच्या बाबतीतही वृत्तपत्रातील मथळा म्हणजे निकाल नव्हे. निकाल कोणत्या न्यायालयाचा, किती न्यायमूर्तींचा, नंतर तो वर जाऊन बदलला काय, आणि ज्या वाक्यावर आपण बोट ठेवितो ते प्रत्यक्ष निर्णयाचा भाग आहे की ओघात आलेले मत, हे पाहिल्यावाचून त्यावर विसंबू नये. २०१८ च्या निकालाची जपून ठेवलेली कात्रणे २०२० नंतर काय कामाची?

शाळेची नोंदवही आणि सातबारा

आता आमच्या स्वतःच्या कार्यक्षेत्राकडे येतो. स्वातंत्र्यपूर्व व घटनापूर्व काळातील शाळेच्या नोंदी जातीच्या दाव्यात अधिक वजनाच्या मानल्या जातात. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सांगितले. याचे कारण आम्हास शिक्षक या नात्याने लगेच पटले. त्या काळी पालकास जात सांगून काही मिळवावयाचे नव्हते व लिहिणाऱ्यासही काही साधावयाचे नव्हते. लाभाचा वा वादाचा प्रश्न उत्पन्न होण्यापूर्वी, नित्याच्या कामात, सहज लिहिली गेलेली ओळ ही सर्वांत विश्वसनीय. आमची १९८६ ची नोंद नेमकी या कसोटीस उतरत नाही. ती सहज लिहिलेली नव्हती. हेतू मनात धरून लिहिलेली होती. हेतू चांगला होता, म्हणून काय झाले?

जमिनीच्या कागदांविषयी याच्या उलट चूक होते. सातबारावर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली, असे आपण समजतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या १५७ व्या कलमाप्रमाणे हक्कनोंदणीतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढेच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही व नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. पण हाच फेरफार, जो मालकीच्या दाव्यात दुबळा, तो 'अमुक हा तमुकाचा मुलगा' हे दाखविताना फार उपयोगी पडतो. कारण वारसाची नोंद करताना बापाचे व मुलाचे नाव एकाच ओळीत येते.

आमच्या साऱ्या खटाटोपाचे सार येथे आहे. कोणताही कागद सर्व प्रश्नांसाठी श्रेष्ठ वा सर्व प्रश्नांसाठी निरुपयोगी नसतो. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणत्या अधिकाराने लिहिला, लिहिणाऱ्यास त्यात काही साधावयाचे होते काय, आणि आज आपण त्यास जो प्रश्न विचारीत आहोत त्याचे उत्तर देण्यासाठी तो लिहिला गेला होता काय, या पाच प्रश्नांनी त्याचे वजन करावे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. त्याचे आजोबा शाळेची पायरी चढलेलेच नव्हते. इतर मागासवर्गीयांच्या दाव्यास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि २००० च्या जातप्रमाणपत्र अधिनियमाप्रमाणे सिद्धतेचे ओझे अर्जदारावरच असते. आम्ही त्या मुलासह तालुक्यातील एका जुन्या शाळेत गेलो व कपाटाच्या तळाशी वाळवीने कडा खाल्लेली उर्दू नोंदवही मिळविली. तीत त्याच्या पणजोबाचे नाव १३४९ फसलीच्या पानावर होते. आम्हास उर्दू येत नाही. गावातील एका वयोवृद्ध उर्दू शिक्षकांनी भिंग लावून ती ओळ तीन वेळा वाचली व प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून आम्हास दाखविली. जातीच्या रकान्यात तेच जुने, साधे, व्यवसायावरून पडलेले नाव होते, जे आम्ही लाजेने टाकून दिले होते. पणजोबा ते आजोबा व आजोबा ते वडील ही नाती दोन फेरफारांनी जुळली. प्रमाणित प्रती व भाषांतर जोडल्यावर पुढील वर्षी वैधता मिळाली आणि मुलगा शिकू लागला. त्याचे गेलेले वर्ष मात्र आमच्या खाती जमा आहे.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे. यापुढे या स्मरणिकेत उत्पत्तीच्या कथा अवश्य छापाव्यात, कारण त्या आपल्या वाडवडिलांची ठेव आहेत. पण त्यांखाली 'परंपरागत कथा' असे स्पष्ट लिहावे. त्याचबरोबर मंडळाने गावोगावच्या जुन्या शाळांतील व कचेऱ्यांतील आपल्या घराण्यांच्या नोंदी वाळवीच्या आधी गाठाव्यात, त्यांच्या प्रमाणित प्रती घ्याव्यात आणि मोडी व उर्दू वाचणारे दोन-चार तरुण तयार करावेत. ते वृद्ध शिक्षक आहेत तोवर हे काम सोपे आहे.

आमचा पूर्वीचा लेख ज्यांच्या संग्रही असेल त्यांनी तो आवडल्यास जपून ठेवावा. अर्जास मात्र जोडू नये, ही विनंती. इत्यलम्.